डोक्यात चक्की चालून राहिली: अपघातानंतर फाटलेल्या कॅरोटिड धमनीचं एक प्रकरण

मी नागपुरात मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं काम करतो, म्हणजे मांडीतून बारीक नळी घालून आतल्या आत दुरुस्ती. खालचं प्रकरण घरच्यांना विचारून लिहितोय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आजार अन् घटनाक्रम तसाच ठेवलाय. बरेच दिवस मनात होतं लिहायचं, कारण यातले पहिले सोळा दिवस मला अजूनही टोचतात.

पार्श्वभूमी

पोरगा २७ वर्षांचा, बुटीबोरी एमआयडीसीत मशीनवर काम करणारा, गाव उमरेडकडे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शिफ्ट संपवून गावाकडे निघाला, गाडीला पिशवी लटकवलेली, त्यात बैलांसाठी नवी झूल अन् घुंगरं, अन् हेल्मेट होतं पण आरशाला अडकवलेलं. पाऊस झालेला, अंधार पडलेला, रस्त्यावर बसलेली जनावरं ऐन वेळी दिसली, ब्रेक मारला, गाडी घसरली आणि तो उजव्या बाजूवर आपटला.

आधी जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथून रात्रीच नागपूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात. तिथे पोचला तेव्हा शुद्ध अर्धवट होती, जीसीएस (शुद्धीचं माप) १५ पैकी १३. उजवी कॉलरबोन मोडलेली, कपाळाला टाके. डोक्याच्या सीटीत उजव्या फ्रंटल भागात छोटं कंट्युजन म्हणजे मेंदूला मार लागून साकळलेलं रक्त, नाकामागच्या पोकळीत म्हणजे स्फेनॉइड सायनसमध्ये रक्त, आणि कवटीच्या तळाला फ्रॅक्चर. रिपोर्टमध्ये एक ओळ होती की फ्रॅक्चरची रेघ उजव्या कॅरोटिड कॅनॉलपर्यंत, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या हाडातल्या बोगद्यापर्यंत जाते. पुढे त्या ओळीचं काहीच झालं नाही, ती फाइलमध्ये तशीच पडून राहिली.

ऑपरेशनची गरज नव्हती. फिट येऊ नये म्हणून औषध, सलाइन, पुन्हा एकदा सीटी, कंट्युजन वाढलं नाही म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. सहाव्या दिवशी सुट्टी.

आवाज कोणी ऐकला

तिसऱ्या रात्री त्याची आई वॉर्डात त्याच्या उशाशी बसली होती. पाणी पाजायला वाकली तेव्हा तिचा कान त्याच्या कानशिलाजवळ आला आणि तिला आवाज ऐकू आला. तिने ड्युटीवरच्या सिस्टरला जे सांगितलं ते मला नंतर तिने शब्दशः सांगितलं, "बाई, याच्या डोक्यात चक्की चालून राहिली जी. पट्टा फिरते न, तशी." पोराला विचारलं तर तोही म्हणाला की हो, उजव्या बाजूला घुस्स घुस्स होऊन राहिलं, झोपू देत नाही. उत्तर मिळालं की डोक्याला मार लागला की असं वाटतं काही दिवस, जाईल.

त्या एका वाक्याने किती गोष्टी बंद झाल्या ते पुढे वाचताना लक्षात येईल. डोक्यातला आवाज पेशंटला "वाटणं" वेगळं, तो दुसऱ्या माणसाला त्याच्या डोक्याला कान लावून ऐकू येणं वेगळं. दुसऱ्याला ऐकू येतोय म्हणजे आत खरोखर काहीतरी जोरात वाहतंय. कानात शिट्टी वाजणं दुसऱ्याला ऐकू येत नाही, आणि नाडीच्या ठेक्यावर येणारा आवाज हा रक्ताचाच असतो असं धरून चालायला हवं.

घरी गेल्यावर दहाव्या दिवशी उजवा डोळा लाल झाला. गावातल्या डॉक्टरांनी डोळे आलेत समजून थेंब दिले, त्या दिवसांत गावात डोळ्यांची साथही होती त्यामुळे त्यांना मी दोष देत नाही. तेराव्या दिवशी पापणी सुजली, एकाचे दोन दिसायला लागले. घरी गणपती बसलेला. मोठा भाऊ म्हणाला विसर्जन होऊ दे, मग नागपूरला जाऊ. त्यात दोन-तीन दिवस गेले.

सोळाव्या दिवशी नागपुरात एका नेत्रतज्ज्ञ मॅडमनी त्याला पाहिलं. डोळ्याचं प्रेशर उजवीकडे ३४ आणि डावीकडे १६, साधारण १० ते २१ मध्ये असायला पाहिजे. बुबुळाभोवतीच्या शिरा नागमोडी, जाड, लालभडक, आणि ती लाली चिकट पू असलेल्या डोळ्यासारखी नव्हतीच. मॅडमनी मग स्टेथोस्कोप काढला, बंद पापणीवर ठेवला, पोराला श्वास रोखायला सांगितला आणि ऐकलं. तिथूनच मला फोन केला. सोळा दिवसांत त्या डोळ्यावर किंवा डोक्यावर स्टेथोस्कोप ठेवणारी ती पहिली व्यक्ती.

नेमकं झालं काय होतं

मेंदूकडे जाणारी आतली कॅरोटिड धमनी मानेतून वर येते, कवटीच्या तळातल्या हाडाच्या बोगद्यातून वळते आणि डोळ्याच्या मागे कॅव्हर्नस सायनस नावाच्या जागेतून जाते. हा सायनस म्हणजे शिरांचं तळंच, काळं रक्त हळूहळू वाहणारं, आणि त्या तळ्याच्या मधून जोरात धडकणारी धमनी जाते. शरीरात धमनी अशी शिरेच्या आतून जाते ती हीच जागा. डोळा फिरवणाऱ्या नसाही इथूनच, तिसरी, चौथी अन् चेहऱ्याच्या पाचवीच्या दोन फांद्या भिंतीतून, सहावी तर अगदी धमनीला चिकटून.

तळाचं हाड मोडलं की त्या ओढाताणीत किंवा हाडाच्या टोकाने धमनीला भोक पडू शकतं. मग धमनीचं रक्त सगळ्या दाबानिशी त्या तळ्यात घुसतं. याला डायरेक्ट कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला म्हणतात, बॅरो यांच्या १९८५ च्या वर्गीकरणात हा टाइप ए. डोळ्याची शीर याच तळ्यात रिकामी होते, ती आता उलटी भरायला लागते म्हणून डोळा पुढे येतो, लाल होतो, सुजतो, प्रेशर चढतं. सहावी नस दबली की डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही, म्हणून दोन-दोन दिसतं. आणि भोकातून उसळणाऱ्या रक्ताचा आवाज म्हणजे त्या माउलीची चक्की.

हे लगेच दिसेलच असं नाही, कधी तासात दिसतं तर कधी काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशीचा साधा सीटी पाहून कोणी निश्चिंत होऊ नये.

आमच्याकडे आला तेव्हा

सोळाव्या दिवशी संध्याकाळी आला. उजवा डोळा पुढे आलेला, पांढरा भाग फुगून पापणीबाहेर डोकावत होता, बोट ठेवलं तर डोळा नाडीबरोबर हलत होता. नजर ६/२४, चांगली नजर ६/६ असते. डोळा बाहेर वळत नव्हता, पापणीही थोडी पडलेली. आवाज कानशिलावर स्पष्ट.

प्रेशर कमी करायला टिमोलॉलचे थेंब आणि ॲसिटाझोलामाइड सुरू केलं. हे औषध वेळ मिळवून देतं, भोक बुजवत नाही, आणि नातेवाइकांना हे सांगावंच लागतं कारण प्रेशर ३४ वरून २८ झालं की त्यांना वाटतं औषधाने बरं होतंय, मग कशाला चिरफाड.

रात्री सीटी अँजिओ म्हणजे रंग देऊन रक्तवाहिन्यांचा स्कॅन केला, मानेपासून डोक्यापर्यंत. उजवा कॅव्हर्नस सायनस फुगलेला, डोळ्याची वरची शीर बोटभर वाटावी एवढी जाड. मानेतल्या चारही धमन्या नीट पाहिल्या, कारण एवढ्या मारात एक फाटली तर दुसरीला चीर गेलेली असू शकते. त्या ठीक होत्या. साध्या सीटीत कंट्युजन विरत होतं, पण पूर्ण गेलं नव्हतं.

इथे माझ्याकडून एक गोष्ट सुटली. मेंदूच्या उजव्या टेम्पोरल म्हणजे कानशिलाजवळच्या भागावरची एक शीर सीटीतच जाड दिसत होती, म्हणजे फिस्टुलाचं रक्त मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरांमध्येही उलटं जात होतं. असं असलं की मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका असतो आणि केस "उद्या बघू" च्या रांगेतून "आत्ता" च्या रांगेत येते. रात्री अकराला स्क्रीनसमोर माझं सगळं लक्ष डोळ्यावर होतं. सकाळी पुन्हा फिल्म पाहिली तेव्हा दिसलं. त्या रात्री काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं.

समोर काय काय पर्याय होते

थांबायचं का? धमनीच्या बारीक फांद्यांमुळे होणारे मंद फिस्टुला कधीकधी आपोआप बंद होतात, त्यांना आपण मान दाबायचा व्यायामही शिकवतो. पेशंटने विरुद्ध बाजूच्या हाताने कॅरोटिड दाबायची, उजवी असेल तर डाव्या हाताने. का तर दाबल्याने मेंदूच्या त्या बाजूचं रक्त कमी पडलंच तर तोच हात लुळा पडेल आणि आपोआप सुटेल. पण हे जोरात वाहणाऱ्या, भोक पडलेल्या धमनीसाठी नाही, आणि नजर उतरत असताना तर नाहीच.

मानेत धमनी बांधून टाकायची? भाऊ कुठून तरी हे ऐकून आला होता. हा सगळ्यात जुना उपाय, लंडनमध्ये बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी १८०९ मध्ये धडधडत्या डोळ्यासाठी कॅरोटिड बांधली होती. अडचण अशी की खालून बांधलं तरी भोक उघडंच राहतं, मग ते वरून, मेंदूच्या दुसऱ्या बाजूने येणारं रक्त ओढायला लागतं. वर आम्हाला आत जायचा रस्ताही कायमचा बंद होतो. हे भावाला मी कागदावर नळाचं चित्र काढून समजावलं, शेतातल्या पाइपलाइनवर काम करणारा माणूस, लगेच पटलं त्याला.

सुटा फुगा. मॉस्कोच्या सेर्बिनेन्को यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत, नळीच्या टोकाचा फुगा भोकातून सायनसमध्ये न्यायचा, फुगवायचा आणि तिथेच सोडायचा. बरोबर बसला तर एका फुग्यात काम होतं, खर्चही कमी. पण भोक फुगा जाईल एवढं पाहिजे, हाडाचं टोक टोचून फुगा फुटू शकतो, काही दिवसांत आक्रसू शकतो. आमच्याकडे तेव्हा नव्हताही, मागवायला दिवस गेले असते.

धमनीच्या आतून स्टेंट. कव्हर केलेला स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर, म्हणजे घट्ट विणीची जाळी. धमनी वाचते, कल्पना सुरेख आहे. पण यासोबत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही काही महिने द्यावी लागतात, नाहीतर जाळीत गुठळी होऊन अर्धांग. आणि इथे सोळा दिवसांचं कंट्युजन अजून विरायचं होतं. दोन-दोन रक्त पातळ करणारी औषधं देऊन तिथे रक्त वाढलं तर? शिवाय एकटा फ्लो डायव्हर्टर भोक लगेच बंद करत नाही, त्याला वेळ लागतो, आणि वेळच नव्हता.

कॉइल. प्लॅटिनमच्या मऊ तारेची गुंडाळी, सायनसमध्ये भरून तळंच बुजवायचं, आणि त्या वेळी धमनीत भोकासमोर एक तात्पुरता फुगा फुगवून ठेवायचा म्हणजे तार धमनीत घुसत नाही. सुट्या करता येणाऱ्या कॉइल १९९१ पासून माहीत आहेत. स्टेंटसारखी ती दोन औषधं लागत नाहीत. तोटा म्हणजे किती लागतील ते आधी सांगता येत नाही आणि प्रत्येक कॉइलचे पैसे वेगळे.

आणि शेवटचा, धमनीच बंद करणं, भोकाच्या वर आणि खाली दोन्हीकडे. डाव्या बाजूचं रक्त पुढच्या जोडवाहिनीतून उजव्या मेंदूला पुरत असेल तर हे करता येतं. २७ व्या वर्षी हा पर्याय हातात ठेवायचा, पहिला वापरायचा नाही, असं माझं मत होतं आणि आहे.

निर्णयाची दुपार

सतराव्या दिवशी सकाळी ठरलं की कॉइल, फुग्याच्या आधाराने, आणि अगदीच जमलं नाही तर धमनी बंद करायची तयारी. महात्मा फुले योजनेचे कागद टाकले. अठराव्या दिवशी सकाळी करू असं ठरलं, तोवर मंजुरी येईल, कॉइलचा पूर्ण साठाही येईल.

दुपारी दोनला नजर पुन्हा तपासली तर ६/६०. रात्रीची ६/२४ होती. दर चार तासांनी नजर तपासा असं मी लिहून ठेवलं होतं, आणि आमच्या रेसिडेंटने ते खरंच केलं म्हणून कळलं, कारण पेशंट स्वतः काही म्हणाला नव्हता, सुजलेल्या डोळ्याने आधीच धूसर दिसत होतं त्याला.

आता एकीकडे न आलेली मंजुरी आणि अर्धा साठा, दुसरीकडे उतरणारी नजर आणि सकाळी दिसलेली ती मेंदूवरची शीर. मी भावाला बाहेर बसवून सरळ सांगितलं की उद्यापर्यंत थांबलो तर डोळा जाऊ शकतो आणि मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो, आज केलं तर पैशाचं कसं ते आत्ता सांगता येत नाही. तो म्हणाला, "साहेब, किती लागतील ते सांगा फक्त." मी म्हणालो आठ ते दहा कॉइल. तो आकडा चुकला, त्यावर पुढे येतो. त्याने सोयाबीन घरात यायच्या आधीच व्यापाऱ्याकडून उचल घेतली. हॉस्पिटलने योजनेला इमर्जन्सी म्हणून फोनवर कळवलं, आणि संध्याकाळी सहाला पोरगा कॅथलॅबच्या टेबलावर होता.

प्रत्यक्ष काम

पूर्ण भूल देऊन उजव्या मांडीतून गेलो. आधी चारही धमन्यांची अँजिओ. उजव्या कॅरोटिडमध्ये रंग सोडला तर मेंदूत जवळजवळ काही जातच नव्हतं, सगळं रक्त सायनस गिळत होता. उजव्या मेंदूला डावीकडून रक्त येत होतं आणि चांगलं येत होतं, हे कळल्यावर जिवात जीव आला कारण शेवटचा पर्याय आता खरा पर्याय झाला.

एवढ्या जोरात वाहत असताना भोक नेमकं कुठे ते दिसत नाही, सगळं एकदम पांढरं होतं. मग मागच्या व्हर्टिब्रल धमनीतून रंग सोडून मानेत उजवी कॅरोटिड हाताने दाबली, म्हणजे रंग मागून हळू उलटा येतो आणि भोक दिसतं. याला ह्यूबर मॅन्युव्हर म्हणतात. भोक वळणाच्या आडव्या भागात, खालच्या बाजूला होतं.

हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध द्यायचं की नाही यावर भूलतज्ज्ञांशी बोलणं झालं. कंट्युजन आहे म्हणून नको वाटतं, पण धमनीत दोन नळ्या आणि फुगा असताना हेपॅरिनशिवाय काम म्हणजे गुठळीला आमंत्रण. नेहमीपेक्षा कमी डोस दिला, एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, २०० सेकंदांच्या थोडं वर ठेवलं, हेपॅरिन उतरवणारं प्रोटामिन भरून बाजूला.

पुढचा निर्णय मला या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सायनसमधून रक्त तीन वाटांनी बाहेर पडत होतं, पुढे डोळ्याकडे, मागे मानेच्या शिरेकडे आणि बाजूने मेंदूवरच्या शिरेत. मन म्हणतं आधी डोळ्याची वाट बंद करू, पेशंट डोळ्यासाठीच आलाय. पण डोळ्याची आणि मागची वाट बंद झाली आणि मेंदूवरची उघडी राहिली तर सगळा दाब तिकडेच जाणार आणि ती शीर फुटणार. म्हणून आधी मेंदूकडची वाट बुजवायची, मग डोळा, मग मागची, आणि शेवटी भोकाजवळचा भाग. मायक्रोकॅथेटर, म्हणजे कॉइल नेणारी अगदी बारीक नळी, त्या कोपऱ्यात न्यायलाच चाळीस मिनिटं गेली. टीममधल्या एकाने विचारलंही की पुढून सुरू करायचं का. नाही म्हणालो.

फुगा एका वेळी पाच मिनिटांच्या वर फुगवून ठेवला नाही. सातवी कॉइल टाकल्यावर फुगा मिटवला तर तिचा एक वेढा धमनीत डोकावला. कॉइल अजून सुटी केलेली नव्हती म्हणून परत ओढता आली, जागा बदलून पुन्हा टाकली. कॉइल सुटी करायच्या आधी फुगा मिटवून एकदा बघायचंच, कितीही घाई असली तरी.

दहा झाल्या, अकरा झाल्या, प्रवाह मंदावला पण थांबला नाही. इथे ओनिक्स नावाचा घट्ट होणारा द्रव वापरता आला असता, झटकन भरतो. पण त्या तळ्याच्या भिंतीत नसा आहेत, द्रवाने त्यांना इजा होऊ शकते, हृदयाचे ठोकेही एकदम पडू शकतात, आणि त्याची सहावी नस आधीच गेलेली. अजून तीन कॉइल टाकल्या. एकूण चौदा. शेवटी भोकाजवळ एक बारीक धार उरली, तीही सावकाश, मागच्या बाजूने जाणारी. मेंदूवरची शीर पूर्ण बंद, डोळ्याची बंद, आणि उजव्या कॅरोटिडचा रंग आता मेंदूत जात होता. हेपॅरिन उतरवलं की ती धार गोठेल असा अंदाज करून थांबलो. रात्रीचे सव्वादहा.

शुद्धीवर आल्यावर त्याने उजवा कान चाचपला आणि म्हणाला, "सर, बंद झाली."

नंतरचे दिवस

दुसऱ्या दिवशी प्रेशर १९. फुगलेला पांढरा भाग दोन दिवसांत आत गेला. डोकं मात्र जोरात दुखायला लागलं आणि पापणी आधीपेक्षा जास्त पडली. सायनसमध्ये गुठळी होत असताना असं होतं, थोडे दिवस स्टेरॉइड दिलं. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घरचे घाबरले नाहीत.

तिसऱ्या रात्री आईने पुन्हा कान लावला. सकाळी राउंडला मला म्हणाली, "साहेब, हलकीशी आहे जी अजून. दूरची चक्की असते न, तशी." रेसिडेंटने ऐकलं, त्याला काही ऐकू आलं नाही. मी ऐकलं, मलाही नाही. मग पंखा बंद केला, शेजारच्या बेडवाल्यांना शांत बसायला सांगितलं, पोराला श्वास रोखायला लावला आणि तेव्हा ऐकू आलं, अगदी बारीक. काकूंचं बरोबर होतं. दुसऱ्यांदा.

पाचव्या दिवशी पुन्हा अँजिओ केली. तीच धार, थोडी वाढलेली, फक्त मागे मानेकडे जाणारी. आता पुन्हा आत जाऊन अजून कॉइल भरायच्या की थांबायचं? धार डोळ्याकडे जात नव्हती, मेंदूकडे जात नव्हती, प्रेशर ठीक, नजर ६/१८ पर्यंत आलेली. पुन्हा गेलो असतो तर नीट बसलेल्या कॉइल हलायची भीती. थांबायचं ठरवलं, पण रोज दोनदा नजर, रोज प्रेशर, आणि काकूंना सांगितलं की रात्री शांत झालं की कान लावायचा आणि सकाळी सिस्टरला सांगायचं, सिस्टरने ते चार्टवर लिहायचं. नवव्या दिवशी चार्टवर नोंद आहे, "आईच्या मते आवाज नाही." तेराव्या दिवशी घरी सोडलं.

पाच आठवड्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा अँजिओ. फिस्टुला पूर्ण बंद. भोकाच्या जागी धमनीच्या भिंतीवर तीनेक मिमीचा फुगवटा राहिलेला. कंट्युजन आता विरलं होतं, म्हणजे फ्लो डायव्हर्टर टाकता आला असता. फुगवटा लहान होता, कॅव्हर्नस सायनसच्या आत होता, मेंदूभोवतीच्या जागेत नव्हता, म्हणून फक्त ॲस्पिरिन ७५ सुरू करून लक्ष ठेवायचं ठरवलं. माझे एक सहकारी म्हणाले की त्यांनी जाळी टाकली असती. त्यांचा मुद्दा चूक नाही, वाढला तर आम्हीही टाकू.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्रीच सीटी अँजिओ. डेन्व्हरच्या डॉक्टरांनी बोथट मारातल्या कॅरोटिड इजेसाठी जे निकष बनवले, त्यात कॅरोटिड कॅनॉलपर्यंत जाणारं कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर आहेच. पेशंट सीटीच्या टेबलावर असतोच, मानेपासून डोक्यापर्यंत रंग देऊन स्कॅन करायला काही मिनिटं जास्त लागतात. कदाचित पहिल्या रात्री काही दिसलंही नसतं, पण फाइलवर लिहिलं गेलं असतं की या पेशंटच्या धमनीवर लक्ष ठेवा, आणि मग तिसऱ्या दिवशी आईचं वाक्य कोणाच्या तरी डोक्यात त्या ओळीला जाऊन भिडलं असतं.

रेडिओलॉजिस्टने ती ओळ लिहिली होती हे महत्त्वाचं आहे. फक्त शेवटच्या निष्कर्षात नव्हती, मधल्या मजकुरात होती, आणि वॉर्डात निष्कर्षच वाचला जातो. अशी गोष्ट फोन करून सांगायला हवी. मी आता आमच्याकडच्या रेडिओलॉजीच्या लोकांना हेच सांगून ठेवलंय.

सुट्टीच्या कागदावर आमच्याकडे आता मराठीत लिहून देतो, डोळा लाल झाला, सुजला, दोन दिसायला लागले, डोक्यात नाडीसारखा आवाज आला किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी या, सणवार बघू नका. त्या भावाला कोणी हे सांगितलं असतं तर तो विसर्जनासाठी थांबला नसता, मला खात्री आहे.

स्टेथोस्कोपचं तंत्रही लिहितो, कारण अनेकांनी कधी केलेलं नसतं. घंटीची बाजू घ्यायची, दुसरा डोळा उघडा ठेवून एका जागी बघायला सांगायचं, बंद पापणीवर हलके ठेवायचं, श्वास रोखायला सांगायचा. मग कानशील, मग कानामागे. अर्धा मिनिट.

माझ्या बाजूने दोन गोष्टी. ती रात्रीची फिल्म मी डोळ्यासाठी वाचली, मेंदूसाठी वाचली नाही. आता फिस्टुलाची कुठलीही अँजिओ वाचताना मी तीन वाटा कागदावर लिहूनच काढतो, पुढे, मागे, मेंदूकडे. आणि कॉइलचा आकडा. आठ ते दहा सांगितल्या आणि चौदा लागल्या, तो चारचा फरक त्या घराने उचललेल्या पैशात गेला. योजनेतून काही भाग नंतर मिळाला, सगळा नाही. आता मी जास्तीत जास्त किती लागू शकतील तेच आधी सांगतो, भीती वाटली तरी, कारण माणूस त्या आकड्यावर कर्ज काढतो.

आज

सहा महिने झाले, होळी होऊन गेली. नजर ६/९. दोन दिसणं चौथ्या महिन्यात थांबलं, डोळा आता बाहेरपर्यंत वळतो. पापणीत थोडा फरक आहे, फोटोत दिसतो, एरवी नाही. एमआर अँजिओत फुगवटा तेवढाच. बुटीबोरीला परत रुजू झालाय, रात्रपाळी नको असं पत्र मी दिलं होतं ते कंपनीने मानलं. गाडी चालवू का असं विचारलं, हो म्हणालो, हेल्मेट घातलेलं पाहूनच.

पुढची तपासणी वर्षाने आहे. काकू अजूनही रोज रात्री तो झोपला की एकदा कान लावतात असं भाऊ सांगत होता. आता नाही लावलं तरी चालेल असं मी त्यांना सांगितलेलं नाही.